पोरांना घेऊन गावात पाण्याचं काम करायचंय? फेरी काढायच्या आधी हे वाचा

मार्च उजाडला की निरोप येतो: बावीस तारखेला जागतिक जलदिन आहे, प्रभातफेरी काढा आणि फोटो ग्रुपवर टाका. आम्हीही काही वर्षं तेच केलं. पोरं घोषणा देत गावभर फिरायची, परत आल्यावर हातपाय धुवायला शाळेच्या नळावर तुटून पडायची, आणि त्या नळाला तोटीच नव्हती. एकदा फेरीत सातवीतल्या एका पोरीनं विचारलं, "मॅडम, माझी माय हापशावरून डोक्यावर पाणी आणती. तिनं अजून किती वाचवायचं?"

मी तेव्हा लातूर जिल्ह्यात, मांजरेच्या पट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत होते. त्या प्रश्नानंतर आम्ही फेरी बंद केली नाही, पण ती सगळ्यात शेवटी ठेवली. आधी मोजणी, मग बोलणं. नव्यानं शाळेत रुजू झालेले शिक्षक, गावातली मंडळाची पोरं, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक यांच्यासाठी पुढचं लिहितेय. आम्ही जिथं जिथं आपटलो ते मुद्दाम लिहिलंय.

१. सुरुवात जूनमध्ये करा, मार्चमध्ये नाही

मार्चमध्ये पाण्याची आठवण सगळ्यांनाच असते, पण करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पाऊस मोजायचा तर तो जून ते सप्टेंबर. विहिरीत किती पाणी चढलं ते कळतं ऑक्टोबरात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेते. पोरांनाही तेच चार महिने धरायला लावा, म्हणजे उद्या कुणी सरकारी माणूस आला तर तुमची वही त्याच्या आकड्यांशेजारी ठेवता येते.

आणखी एक कारण आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसाल्टवर बसलाय. पाणी धरतो तो वरचा झिजलेला मुरूम आणि खडकातल्या भेगा. खाली कडक खडक लागला की हजार फूट बोअर मारूनही फुफाटा निघू शकतो. हे पोरांना पुस्तकातून सांगून पटत नाही. ऑक्टोबरात भरलेली विहीर जानेवारीत किती उतरली, हे दोरीनं मोजलं की आपोआप पटतं.

२. कागदपत्रं

यात कंटाळा करू नका. आम्ही पहिल्या वर्षी केला आणि दोन पालक शाळेत भांडायला आले.

- मुख्याध्यापकांकडून उपक्रमाला लेखी मान्यता.
- शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत ठराव. चार ओळींचा चालतो, पण इतिवृत्तात आला पाहिजे.
- पालकांचं संमतिपत्र. पोरं शाळेबाहेर कुठं, किती वाजता आणि कुणासोबत जाणार ते स्पष्ट लिहा. फोटो काढणार असाल तर त्याची वेगळी ओळ ठेवा.
- ग्रामपंचायतीला पत्र. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोहोच घ्या. "देतो की नंतर" म्हणाले तर तिथंच बसून राहा.
- ज्यांच्या विहिरी मोजणार त्या मालकांची तोंडी परवानगी. ही शिक्षकानं स्वतः जाऊन घ्यायची, पोराला पाठवून नाही.

तुमच्याकडं नववी-दहावीचे वर्ग असतील तर काम सोपं आहे. जलसुरक्षा हा विषयच तिथं आहे, त्यामुळं हे सगळं प्रकल्पात बसतं आणि "पोरांचा अभ्यास बुडायलाय" ही तक्रार येत नाही.

३. सामान

एक लिटरची बाटली, खुणा केलेली बादली, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, खडू, जाड पुठ्ठ्याची वही. विहिरीसाठी दर फुटाला गाठ मारलेली सुती दोरी आणि टोकाला लोखंडी नट. पावसासाठी सरळ भिंतीची, सपाट बुडाची काचेची बरणी आणि पट्टी. बस. कुणी मोजणीची मशीनं विकायला आलं तर चहा पाजून वाटेला लावा.

४. आधी स्वतःच्या शाळेचं पाणी

गाव पहिला प्रश्न हाच विचारणार: तुमच्या शाळेत काय चाललंय? म्हणून पहिला महिना शाळेच्या आवाराबाहेर पाऊल टाकू नका.

गळक्या नळाखाली बाटली ठेवा आणि ती किती मिनिटांत भरते ते लिहा. दिवसाची १,४४० मिनिटं. ४० मिनिटांत एक लिटर भरत असेल तर दिवसाला ३६ लिटर. हा भागाकार चौथीतलं पोर करतं, आणि एकदा केला की ते पोर घरी जाऊन मोरीतल्या नळाखालीही बाटली ठेवतं. ते तुम्हाला सांगावं लागत नाही.

मग छत मोजा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं, एवढं एकच सूत्र पुरतं. शाळेचं छत १५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद असेल तर ९० चौरस मीटर. मराठवाड्यात पावसाळ्याची सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास धरतात, आष्टीकडं कमी, किनवटकडं जास्त. म्हणजे ६३ हजार लिटर. पाचवा हिस्सा उडून-सांडून गेला असं धरलं तरी पन्नास हजार लिटर उरतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा पहिल्या खेपेत दहा वाघिणी, म्हणजे पाण्याचे डबे, होत्या आणि सगळ्या मिळून पाच लाख लिटर पाणी होतं. म्हणजे आमच्या शाळेच्या डोक्यावर दर पावसाळ्यात एक वाघीण रिकामी होते आणि नालीतून निघून जाते. आत्ता शाळेत असलेल्या पोरांना ती रेल्वे आठवत नाही. त्यांच्या आजोबांना १९७२ आठवतं आणि आईबापांना २०१६. घरी विचारून यायला सांगा, दुसऱ्या दिवशीच्या परिपाठाला कुणी गप्प बसत नाही.

छताचं पाणी पन्हळीनं टाकीत घेतलंत तर पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून द्या. त्यात धूळ आणि पाखरांची घाण असते. उरलेलं झाडांना आणि शौचालयाला वापरा, पिण्याला नको. बोअरमध्ये सोडायचा विचार असेल तर फक्त छताचं पाणी, तेही वाळू-खडीच्या गाळणखड्ड्यातून. अंगणातलं गढूळ पाणी बोअरमध्ये सोडून बोअर बाद करून घेतलेले लोक मला माहीत आहेत.

५. गावातली मोजणी

पाच-पाच पोरांचे गट करा. प्रत्येक गटासोबत एक मोठं माणूस हवंच. सकाळच्या वेळेत जा. मार्चनंतर अकराच्या पुढं पोरं उन्हात नकोत.

विहीर. कठडा नसलेली विहीर मोजायचीच नाही, कितीही सोयीची असली तरी. दोरी मोठ्या माणसानं सोडायची, पोरांनी मागं उभं राहून गाठी मोजायच्या आणि लिहायचं. नेहमी एकाच दगडापासून मोजा आणि त्या दगडावर रंगानं खूण करा, नाहीतर दर वेळी आकडा वेगळा येतो. उपसा चालू असताना मोजू नका, मोटार बंद करून पाणी स्थिरावू द्या. आणि शेततळ्याच्या जवळपासही पोरांना नेऊ नका. त्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पाय घसरला तर पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. ही सूचना संमतिपत्रातही लिहा.

पाऊस. बरणी उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा वळचणीला नाही. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं मोजा, लिहा आणि ओता. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाच्या ठिकाणी असतो, आणि आपल्याकडं एका शिवारात धो-धो तर शेजारच्यात कोरडं असा पाऊस पडतो. दिवसात ६५ मिलिमीटरच्या पुढं गेला की अतिवृष्टी धरतात. त्यामुळं आमच्या बरणीपाशी दुसऱ्याच पावसाळ्यात शेतकरी येऊन उभे राहायला लागले: "गुरुजी, रात्री किती झाला?" या बरणीच्या नोंदीवर नुकसानभरपाई मिळत नाही, हे त्यांना लगेच सांगून टाका. पण जे गाव शाळेत झेंडावंदनाशिवाय येत नव्हतं ते यायला लागलं, हे माझ्या लेखी फार झालं.

गळती. पाण्याच्या टाकीखालचे आणि चौकातले वॉल्व्ह बघा. आमच्या टाकीखाली एक लिटरची बाटली चार मिनिटांत भरत होती, म्हणजे दिवसाला ३६० लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलंय. त्या हिशेबानं साडेसहा माणसांचं पाणी रोज बाभळीला जात होतं. बाभूळ मात्र झकास होती.

शिळं पाणी. आता खरं सांगायचं ते हे. आपल्याकडं नळाला पाणी रोज येत नाही. कुठं चौथ्या दिवशी, कुठं आठव्या. त्यामुळं हंडे, घागरी, टाक्या, ड्रम, मिळेल ते भरून ठेवतात. आणि नवं पाणी आलं की घरात शिल्लक असलेलं जुनं पाणी "शिळं झालं" म्हणून अंगणात ओततात. पोरांनी घरोघरी जाऊन "पाणी वाया घालवता का?" असं विचारलं तेव्हा एकही घर हो म्हणालं नाही. प्रश्न बदलून "नवं पाणी आल्यावर जुन्याचं काय करता?" असं विचारलं, तेव्हा बहुतेकांनी सरळ सांगितलं. त्यांच्या लेखी ते वाया घालवणं नव्हतंच, ती स्वच्छता होती. म्हणून प्रश्नावली करताना "वाया", "बचत", "जपून" हे शब्द टाळा. काय करता, कुठं ओतता, किती हंडे, एवढंच विचारा.

यात एक गुंता आहे, तो आधीच सोडवून ठेवा. आशाताई सांगतात की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, भांडी रिकामी करा, डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. तुमची पोरं म्हणणार, ओतू नका. गाव दोघांनाही हसणार. आम्ही आशाताईंनाच शाळेत बोलावलं आणि एकच निरोप ठरवला: भांडं रिकामं करायचंच, घासायचंही, पण जुनं पाणी धुण्याला, जनावरांना किंवा झाडाला टाकायचं. आणि भरलेल्या भांड्यावर झाकण नाहीतर फडकं.

पाण्याच्या शुद्धतेची तपासणी पोरांच्या हाती देऊ नका. गावात तपासणी संच असेल आणि बाया शिकलेल्या असतील तर त्यांना वर्गात बोलावून करून दाखवायला लावा, तेवढं पुरे.

६. नावं लिहू नका

आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली. उत्साहाच्या भरात पोरांनी चौकातल्या फळ्यावर पाणी सांडणाऱ्या घरांची यादी लिहिली. आडनावांसकट. मी तालुक्याला गेले होते, संध्याकाळी परत येईपर्यंत दोन भावक्यांत जुंपली होती आणि एका पोराला घरी मार बसला होता. तो फळा मी स्वतः पुसला. त्यानंतर नियमच केला: आकडा गल्लीचा किंवा गावाचा, घराचा कधीच नाही. आणि वाडी, तांडा किंवा वस्ती अशी वेगळी पाटी लावून तुलना करायची नाही. कोणत्या वस्तीला पाणी शेवटी पोचतं आणि का, हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तिथल्या लोकांनाच बचतीचे धडे देणं म्हणजे जखमेवर मीठ.

तसंच थेट नळाला मोटार लावणाऱ्यांचं. ते चूक आहे, बंदीही आहे, पण ते पकडणं पोरांचं काम नाही.

घागर वाहणाऱ्या बायांना उपदेश करू नका, हे आमच्या त्या सातवीतल्या पोरीनं शिकवलंच होतं. उलट गटांना एक मोजणी अशी द्या: घरात पाणी कोण भरतं आणि त्याला किती वेळ लागतो. पाणी येण्याच्या दिवशी शाळेला उशिरा येणाऱ्या पोरींची नावं हजेरीपटावर आपसूक दिसतात. ती यादी मात्र मुख्याध्यापकांपुढं जरूर ठेवा.

आणि उसाचं काय? हा प्रश्न पोरं विचारणारच, कारण हिशेब त्यांना येतो. मोकाट पाणी दिलं तर हेक्टरभर उसाला वर्षाला दोन कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. बाराशे वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटरनं रोज ६६ हजार लिटर. म्हणजे एका हेक्टरातल्या उसाचं पाणी गावाला दहा महिने पुरतं. गणित बरोबर आहे. पण ते पोरांच्या तोंडून चौकात मांडायचं का, ते गाव बघून ठरवा. ऊस लावणारा शेतकरी कारखाना आणि हमखास पैसा बघून लावतो, हौसेनं नाही, आणि त्याचंच पोर तुमच्या वर्गात बसलेलं असतं. आम्ही ते गणित वर्गात केलं. त्याच पोरानं घरी जाऊन ठिबकचा विषय काढला. बापानं ऐकलं की नाही, ते विचारू नका.

७. सांगायचं कसं

दोनच गोष्टी निवडा. आमच्या होत्या शिळं पाणी आणि टाकीखालचा वॉल्व्ह. दहा घोषणा दिल्या तर एकही लक्षात राहत नाही.

फळा लावायचाच तर पिठाच्या गिरणीपाशी लावा, शाळेच्या दारात नको. तिथं माणसं दळण होईपर्यंत रिकामी बसलेली असतात आणि वाचतात. दर सोमवारी तीन ओळी: या आठवड्यातला पाऊस, विहिरीची पातळी, टाकीखालची गळती.

पथनाट्य आठ-दहा मिनिटांचं पुरे. भारुडं लिहिणाऱ्या एकनाथांचं पैठण आपल्याच मुलखात, त्यामुळं भारुडाचा बाज गावाला शिकवावा लागत नाही. टाळ, चिपळ्या, एक सोंग, की माणसं पारावर गोळा होतात. आम्ही वासुदेव आणला. तो दारोदारी धान्याऐवजी शिळं पाणी मागतो, आणि म्हातारी त्याला म्हणते, "मेल्या, शिळं कशाला, ताजं घे की!" संवाद पोरांनाच लिहू द्या. मी लिहिलेल्या पहिल्या नाटकात सगळी पात्रं माझ्यासारखी बोलायची, कुणी हसलं नाही. पाणी सुटायच्या वेळी मात्र प्रयोग लावू नका, अर्धे प्रेक्षक हंडे घेऊन पळतात.

जमल्यास पोरांना एखादी जुनी बारव दाखवा. परभणी जिल्ह्यात वालूरची गोल फिरत उतरणारी पायऱ्यांची बारव आहे, चारठाण्यालाही आहे, अंबाजोगाईत आहेत. सहलीचं ठिकाण ठरवताना एकदा संभाजीनगरच्या पाणचक्कीच्या पलीकडं बघायला काय हरकत आहे?

८. ग्रामसभेत जाताना

ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखांच्या आसपास होतात. ऑक्टोबर आणि जानेवारी आपल्या कामाच्या. विषय आयत्या वेळी मांडू नका. आठ-दहा दिवस आधी ग्रामसेवकांकडं, म्हणजे नव्या नावानं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडं, अर्ज देऊन तो विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. याचीही पोहोच घ्या.

मागणी "पाण्याचं नियोजन करावं" अशी गुळमुळीत नको. "टाकीखालचा वॉल्व्ह बदलावा, रोज ३६० लिटर गळती, सोबत पंधरा दिवसांच्या नोंदी आणि तालुक्याच्या दुकानातलं दरपत्रक" अशी करा. वित्त आयोगाच्या निधीतला ठरावीक हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा असतो, त्यामुळं "पैसे नाहीत" म्हणाले तर तिकडं बोट दाखवा. सांडपाण्याचा विषय निघाला तर नांदेड जिल्ह्यातल्या शोषखड्ड्यांचं उदाहरण द्या. घराघरापुढं खड्डा घेऊन तिथल्या गावांनी नाल्या आणि डास दोन्ही कमी केले.

पोरांना मत नसतं, पण सरपंचांनी परवानगी दिली तर बोलता येतं. दोन पोरं, तीन मिनिटं, हातात वही. मागणी मांडणारा आणि त्यावर हट्ट धरणारा मात्र पालक असावा. आमचा वॉल्व्ह पहिल्या ग्रामसभेत बदलला नाही. दुसऱ्या ग्रामसभेनंतरही महिना गेला. फळ्यावर दर सोमवारी ३६०, ३६०, ३६० असं लिहीत राहिलो, कुणाचं नाव न घेता. शेवटी एके दिवशी पोरं मोजायला गेली तर खाली चिखल नव्हता.

९. वही कुणाकडं

हे सगळे विसरतात. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते. माझी झाली तेव्हा तीन वर्षांच्या नोंदींची वही माझ्या पुस्तकांच्या खोक्यात दुसऱ्या तालुक्याला आली. ती परत पोचेपर्यंत ऑक्टोबरची मोजणी हुकली होती. म्हणून दोन वह्या करा: एक शाळेच्या कपाटात, दुसरी नक्कल ग्रामपंचायतीत. सातवीची पोरं बाहेर पडताना सहावीच्या दोघांना दोरी सोडणाऱ्या माणसाशी आणि विहीरमालकाशी ओळख करून देतात, असा रिवाज पाडा. आणि मे महिन्याची नोंद सुट्टीत येते, तेव्हा शाळेला कुलूप असतं. दोरी, बरणी आणि वही तेवढ्यापुरती कुठं ठेवायची ते एप्रिलमध्येच ठरवा. आमच्याकडं ती किराणा दुकानात, मिठाच्या पोत्याशेजारी ठेवतात.